गावच्या आराखड्यात एचआयव्ही : यादी कशाला हवी?

प्रश्न : मी बीड जिल्ह्यात ग्रामसेवक आहे. 'आमचा गाव, आमचा विकास' या गावविकास आराखड्याच्या उपक्रमाच्या प्रशिक्षणात सांगितलं, आराखड्यात एचआयव्हीचाही विचार करा. गावात रुग्ण किती आणि कोण, हे विचारायला ग्रामीण रुग्णालयात गेलो, तर समुपदेशक बाईंनी सरळ नकार दिला. सरकारी माणसालाच माहिती मिळत नसेल तर आम्ही लिहायचं काय? आणि मुळात हे आरोग्य खात्याचं काम नाही का?

उत्तर : भाऊसाहेब, रागावू नका, पण त्या बाईंच्या खुर्चीत मी असते तरी हेच केलं असतं. अठरा वर्षं त्याच खुर्चीत बसून सरपंचांना, पोलीसपाटलांना आणि एकदा तर मुलीसाठी स्थळ बघायला आलेल्या मामांनाही मी असाच नकार दिलाय. 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने आता त्या नकाराला बळही दिलंय. तो कायदा सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. माणसाच्या संमतीशिवाय त्याचं एचआयव्हीचं निदान उघड करता येत नाही.

यादी बाहेर गेली की काय होतं ते मी पाहिलंय. संजय गांधी निराधार योजनेत एड्सग्रस्तांना दरमहा अनुदान मिळतं. एका कार्यालयाने मंजूर अर्जांची यादी फलकावर लावली, तीही नावापुढे आजार लिहून. आमच्याकडे येणारी एक बाई त्या यादीत होती. अनुदान तर तिने सोडलंच, पुढे चार महिने गोळ्या न्यायलाही आली नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न. तुमच्याच भागातल्या एका ऊसतोड मजूर बाईची गोष्ट सांगते. नवरा गेलेला, ही दिराच्या टोळीबरोबर दरवर्षी कोल्हापूरकडे जायची. आरोग्य खात्याकडून काहीही कमी पडलं नव्हतं. तपासणी झालेली, फाइल चोख, एआरटीच्या, म्हणजे एचआयव्ही आटोक्यात ठेवणाऱ्या, गोळ्या फुकट. 2004 पासून सरकार त्या फुकटच देतंय. पण गोळ्या संपल्या जानेवारीत, ऐन गाळपात. मुकादमाकडून घेतलेली आगाऊ उचल अंगावर, सुट्टी मागायची तर कारण सांगावं लागणार. गोळी फुकट होती, पण ती आणायला जायचं म्हणजे दोन दिवसांची मजुरी बुडणार, वर गाडीभाडं. ती गेली नाही. चैत्रात परत आली ती टीबी घेऊन.

हिच्यासाठी डॉक्टर आणखी काय करणार होते? तिला हवी होती मुकादमाची रजा, साखर कारखान्याच्या गटऑफिसात एखादं जाणतं माणूस आणि परगावी चालणारं रेशनकार्ड. यातलं एकही आरोग्य खात्याच्या हातात नाही. दिल्लीत हे फार पूर्वीच कळलं होतं. 2005 साली पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय एड्स परिषद नेमली, तिच्यात 31 मंत्रालयं घेतली ती याचसाठी. पुढे रेल्वेने एड्सजागृतीची रेड रिबन एक्सप्रेसही चालवली. पण कागद जिल्ह्याला पोचेपर्यंत काय उरतं? प्रत्येक खातं अहवालात लिहितं, '1 डिसेंबरला, एड्स दिनी, रॅली काढली.' त्या रॅलीत मीही खूप चाललेय. खरं सांगू, कंटाळा आलाय मला तिचा.

तेव्हा आराखड्यात रॅली लिहू नका. तुमच्या गावातून टोळ्या दिवाळीच्या आगेमागे निघतात. त्याआधी एक आरोग्य शिबिर धरा, सगळ्यांसाठी. बीपी, शुगर, हिमोग्लोबिन, टीबी आणि ज्याला हवी त्याची एचआयव्ही तपासणी. शिबिराला 'एड्स' हे नाव देऊ नका, नाहीतर मंडपात कुत्रंही फिरकणार नाही. ज्यांच्या गोळ्या आधीपासून चालू आहेत त्यांना समुपदेशक त्याच गर्दीत गाठते. तब्येत स्थिर असेल तर जास्त महिन्यांच्या गोळ्या बरोबर देता येतात, नाहीतर कारखान्याजवळच्या एआरटी केंद्रावर सोय लावता येते. ग्रामपंचायतीने फक्त तारीख, मंडप आणि मुकादमांना निरोप एवढं बघायचं. मुकादम आला तर टोळी येते, हे तुम्हाला मी काय सांगणार.

दुसरं, निराधार, बालसंगोपन, एसटीची सवलत, रेशन या सगळ्यांचे अर्ज भरून द्यायला महिन्यातून एक दिवस ठेवा. वैद्यकीय कागद बंद पाकिटात जाऊ द्या. ग्रामसभेत नावं वाचावी लागलीच तर योजनेचं नाव वाचा, आजाराचं नको. अंगणवाडीताईंना आणि मास्तरांना एकदा बोलावून सांगा, की कुठल्याही मुलाला 'तुझे आईबाप कशाने गेले' असं वर्गात विचारायचं नाही.

गावात रुग्ण दोन आहेत की बारा, याने यातलं काही बदलतं का? खर्चाचा आकडा लागणारच असेल तर कामाला जाणाऱ्या कोयत्यांची, म्हणजे ऊसतोड जोड्यांची, संख्या धरा. ती तुम्हाला तोंडपाठ असेल.

प्रश्न : आमच्या कारखान्यात सव्वाशे कामगार आहेत. एकाबद्दल कुजबुज आहे. सगळ्यांचीच एचआयव्ही चाचणी सक्तीची केली तर शंका मिटेल ना? – कामगार अधिकारी, सांगली जिल्हा

उत्तर : नाही. नोकरी देताना किंवा टिकवताना एचआयव्ही चाचणीची अट घालता येत नाही. आजची गोष्ट नव्हे, 1997 मध्येच मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं होतं, की काम करायला धडधाकट असलेल्या माणसाला केवळ एचआयव्ही आहे म्हणून नोकरी नाकारता येणार नाही. एका मशीनवर काम करून, एका टेबलावर डबा खाऊन हा विषाणू पसरत नाही. गोळ्या नियमित घेऊन रक्तातला विषाणू मोजता येण्याजोगा उरला नसेल, तर शरीरसंबंधांतूनही तो पसरत नाही.

आणि शंभर किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्याखाली तक्रार अधिकारी नेमावा लागतो. तुमच्याकडे तो आहे का? नसेल तर आधी ते करा. कुजबुज करणाऱ्यांना काही विचारायचं असेल तर एड्सच्या माहितीसाठीचा 1097 हा नंबर नोटीसबोर्डावर लावा, फोन फुकट लागतो.

तुम्ही पत्रात त्या कामगाराचं नाव आणि खातं लिहिलं होतंत. मी ते काळ्या शाईने खोडलं आणि मगच पत्र छापायला दिलं.