जर्नलने ‘संदर्भ आमच्या पद्धतीत नाहीत’ म्हणून लेख परत पाठवला. ६२ संदर्भ हाताने बदलू का?

हाताने एक स्वल्पविरामही बदलू नका. तुम्ही लिहिलंय की लेख तज्ज्ञांकडे गेलाच नाही, संपादकीय ऑफिसातूनच परत आला. सगळे संदर्भ वर्डमध्ये टाइप केलेले आहेत आणि सीताबर्डीवरचा एक टायपिंगवाला पैसे घेऊन ‘करून देतो’ म्हणतो. म्हणजे तुमच्या विज्ञानात कोणी खोट काढलेली नाही. चार-पाच संध्याकाळींचं काम आहे, एवढंच.

मी ते हाताने केलंय, म्हणून सांगतो. माझं पीएचडीचं काम नागपूरच्या फुटाळा तलावाच्या पाण्यातल्या फॉस्फेटवर होतं. पहिला लेख पाठवायची वेळ नेमकी मे महिन्यात आली. कूलरसमोर बसून दोन रात्रींत ५४ संदर्भ लेखक-वर्ष पद्धतीतून (मजकुरात लेखकाचं नाव आणि वर्ष) आकड्यांच्या पद्धतीत (मजकुरात फक्त क्रमांक) आणले. तिसऱ्या दिवशी माझ्या गाइड मॅडम म्हणाल्या, ‘काहून, प्रस्तावनेत तो जुना पेपर नाही टाकला?’ तो टाकला चौथ्या जागी, आणि तिथून पुढचे सगळे आकडे एकेकाने सरकले. मीही सरकवत गेलो. त्यात १७ दोनदा पडला आणि लेख तसाच रवाना झाला. तपासणाऱ्याने विचारलं, ‘विधान पाण्याबद्दल आहे, १७ क्रमांकाचा लेख गाळाबद्दल. संबंध काय?’ उत्तर काय देणार, कप्पाळ!

त्यानंतर झोटेरो घेतलं, म्हणजे संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर. फुकट आहे, अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठात तयार झालं, २००६ पासून चालू आहे. मेंडेलीही चालेल (ते २०१३ पासून एल्सेव्हियर या प्रकाशन संस्थेचं आहे). एंडनोटला पैसे पडतात, तुमच्या संस्थेने घेतलं असेल तरच त्याच्या वाटेला जा. झोटेरोत जादूच्या कांडीचं एक बटण आहे. त्यात लेखाचा डीओआय, म्हणजे १० ने सुरू होणारा तो लांबलचक क्रमांक, चिकटवला की लेखक, वर्ष, खंड, पानं सगळं आपोआप भरतं. मग वर्डमध्ये तुम्ही टाइप केलेला प्रत्येक कंस काढून त्या जागी झोटेरोतून संदर्भ घाला. ६२ संदर्भांना हे कंटाळवाणं आहे, पण एकदाच करायचंय. पुढे जर्नल बदललं तर वर्डमधल्या झोटेरोच्या डॉक्युमेंट प्रेफरन्सेसमध्ये जाऊन त्या जर्नलची स्टाइल, म्हणजे संदर्भ लिहायची पद्धत, निवडायची, की मजकुरातले आकडे आणि शेवटची यादी दोन्ही बदलतात. स्टाइल यादीत दिसली नाही तर झोटेरोच्या साइटवर हजारो पडल्या आहेत, तिथून उतरवा.

आता खरी मेहनत. आपोआप भरलेली नोंद बरोबर असतेच असं नाही, आणि स्टाइल कितीही चांगली असली तरी चुकीची नोंद ती सुबक करून चुकीचीच छापते. सगळ्यात हमखास फसगत संस्थेच्या नावाची. सेंट्रल पोल्यूशन कंट्रोल बोर्डाचा अहवाल साध्या रकान्यात भरलात तर झोटेरो ‘बोर्ड’ हे आडनाव धरतं आणि यादीत छापून येतं ‘बोर्ड, सी. पी. सी.’. जणू कोणी बोर्डसाहेब आहेत! लेखकाच्या रकान्याशेजारी छोटी खूण असते, ती दाबून नाव एकाच रकान्यात घ्या. पाणी तपासणीच्या पद्धतींसाठी आपण सगळे अमेरिकन पब्लिक हेल्थ असोसिएशनचं जाडजूड पुस्तक देतो, तिथेही हेच करावं लागतं. शिवाय आवृत्ती लिहायला विसरू नका. प्रयोगशाळेत कोणती होती ते कपाटात जाऊन बघा, दुसऱ्याच्या लेखातून उचलू नका.

दुसरं, लेखाचं शीर्षक. काही नोंदींत प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं येतं, काहींत पूर्ण शीर्षकच मोठ्या अक्षरांत. झोटेरोत शीर्षक साध्या वाक्यासारखं ठेवा. त्यावरून मोठी अक्षरं हवी असलेली स्टाइल ती स्वतः करून घेते, उलट मात्र नीट जमत नाही. जीवाचं शास्त्रीय नाव तिरपं करायचं राहतं, तेही हाताने बघावं लागतं. आपल्याकडची नावं हा तर वेगळाच ताप. कुठे आडनाव आधी, कुठे वडिलांचं नाव आडनावाच्या जागी, आणि तमिळ लेखकांपैकी अनेकांना आडनावच नसतं. मूळ लेखाचं पहिलं पान उघडून जुळवा.

मूळ लेख उघडणं यासाठीही. फॉस्फेटच्या निळ्या रंगाच्या पद्धतीसाठी मर्फी आणि रायली यांचा १९६२ चा लेख द्यावाच लागतो: ॲनॅलिटिका किमिका ॲक्टा, खंड २७, पानं ३१ ते ३६. मी तो पहिल्यांदा दुसऱ्याच्या यादीवरून उतरवला होता, पान चुकीचं होतं. अशा उताऱ्यांची गंमत किती दूर जाते बघा. एल्सेव्हियरच्या लेखकांसाठीच्या सूचनांत नमुना म्हणून व्हॅन डेर गीर आणि सहकाऱ्यांचा २००० सालचा एक संदर्भ होता. तो लेख अस्तित्वातच नाही, आणि तरी शेकडो लेखांच्या यादीत तो खरा म्हणून छापला गेला. आता चॅटबॉट असे संदर्भ मागाल तितके बनवून देतो, तेव्हा प्रत्येक डीओआय एकदा ब्राउझरमध्ये उघडून पाहाच.

पद्धतीचा घोळ थोडक्यात. वैद्यकीय जर्नल बहुधा व्हँकूव्हर पद्धत मागतात. १९७८ मध्ये अशा जर्नलांचे संपादक त्या शहरात जमले होते, म्हणून ते नाव. त्यात मजकुरातल्या क्रमाने आकडे, आणि लेखक सहापेक्षा जास्त असतील तर पहिले सहा देऊन ‘एट अल’, म्हणजे ‘आणि इतर’. एपीए, म्हणजे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या लेखक-वर्ष पद्धतीच्या सातव्या आवृत्तीत यादीत वीसपर्यंत लेखक येतात. पण नाव तेच असलं तरी जर्नलागणिक बारीक फरक असतो, म्हणून त्याच जर्नलचा ताजा छापील लेख शेजारी उघडा ठेवा. एक गोष्ट मात्र फार कोणी सांगत नाही: फक्त तक्त्यात येणाऱ्या संदर्भाचा आकडा तो तक्ता मजकुरात पहिल्यांदा जिथे उल्लेखला जातो त्या जागेप्रमाणे लागतो, तक्ता पानावर कुठे आहे त्याप्रमाणे नाही. तक्ते वेगळ्या फाइलमध्ये ठेवले असतील तर सॉफ्टवेअरला हे कळत नाही.

आणि पुढच्या वेळी आधी जर्नलच्या सूचना वाचा. बरीच जर्नल आता पहिल्यांदा पाठवताना कुठलीही पद्धत चालवून घेतात, फक्त ती सगळीकडे सारखी हवी. स्वीकृतीनंतर बदल करायला सांगतात. तुमचं जर्नल त्यातलं नाही, काय करता.

टायपिंगवाल्याबद्दल विचारलंत. तो स्वल्पविराम लावील, पण १७ क्रमांकाचा लेख गाळावर आहे की पाण्यावर हे त्याला कुठून कळणार? त्याच्याकडून थीसिसचं बाइंडिंग करून घ्या.

पाठवण्याआधी फाइलची प्रत काढा आणि त्या प्रतीतच संदर्भ ‘अनलिंक’ करा, म्हणजे आतले कोड जाऊन साधा मजकूर उरतो. मूळ फाइलमध्ये चुकूनही करू नका, दुरुस्त्या आल्यावर ती जिवंत लागेल.