लेन्स दुरुस्त करू की बदलू? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नमस्कार दादा, मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते, साखरपुडे, डोहाळजेवणं, बारशी असे घरगुती कार्यक्रम शूट करते. माझ्याकडे कॅननची २४-१०५ एफ ४ एल ही झूम लेन्स आहे, पहिली आवृत्ती, २०१३ ला सिक्स-डी कॅमेऱ्यासोबत घेतलेली. २०१५ च्या सिंहस्थात रामकुंडावर पहाटेपासून उभं राहून काढलेले सगळे फोटो हिच्यातलेच, त्यामुळे जीव अडकलाय. गेल्या महिन्यात एका बारशात ऐन नाव ठेवायच्या वेळी एरर ०१ आला, लेन्स आणि कॅमेऱ्याचा संपर्क नीट नाही, कॉन्टॅक्ट साफ करा असं लिहून येतं. बॅटरी काढून घातली की कॅमेरा चालतो आणि एरर परत येतो. एमजी रोडला दाखवली तर एकाने साडेनऊ हजार सांगितले, आत थोडं फंगस (बुरशी) पण आहे म्हणाला. दुसरा म्हणाला एवढ्या जुन्या लेन्समध्ये पैसे घालू नका, हीच सेकंडहँड माझ्याकडे सव्वीस हजाराला आहे. घरचे म्हणतात सगळं विकून मिररलेस (आत आरसा नसलेला नव्या पद्धतीचा कॅमेरा) घे. २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आलाय, काय करू?

उत्तर : ताई, आधी एक काम करा, पैसे कुठेच देऊ नका आणि घरीच दहा मिनिटं काढून बघा. कॉन्टॅक्ट मऊ कोरड्या कापडाने पुसा. मग कॅमेरा एव्ही मोडला ठेवून (यात अॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक, किती उघडायचं ते आपण ठरवतो) एफ ४ वर पंधरा-वीस फोटो काढा, झूम पुढेमागे करत. त्यानंतर तेच एफ ८ वर करा. एफ ४ ला एकदाही एरर नाही आणि एफ ८ ला येतोय, त्यातही झूमच्या ठराविक जागी जास्त येतोय, असं झालं तर कॉन्टॅक्टचा काही संबंध नाही, आतली अॅपर्चरची फ्लेक्स केबल गेलीये. या लेन्सचा हा फार जुना आणि माहितीतला आजार आहे. ती केबल म्हणजे एक पातळ पट्टी असते, झूम फिरवला की प्रत्येक वेळी ती दुमडते आणि उलगडते, दहा-बारा वर्षं असं झालं की आतली तार चिरते. एफ ४ म्हणजे अॅपर्चर पूर्ण उघडं, ते लहान-मोठं करणारी पाती हलायचीच नसतात म्हणून एरर येत नाही, एफ ८ ला क्लिकच्या क्षणी पाती मिटायला लागतात आणि तिथेच सिग्नल तुटतो. म्हणजे काच चांगली, मोटर चांगली, एक पट्टी मेलीये. आणि हो, या महिन्यात कार्यक्रम घेतले असतील तर निर्णय होईपर्यंत सगळं एफ ४ वरच शूट करा, काम अडणार नाही.

आता फंगसचं. "थोडं फंगस" हा शब्द ऐकून बरेच जण घाबरून लेन्स विकून टाकतात, तसं करू नका, स्वतः बघा. लेन्स कॅमेऱ्यावरून काढा, दोन्ही टोप्या काढा, अंधाऱ्या खोलीत मागून मोबाईलचा टॉर्च तिरका मारा आणि पुढून बघा. सुटे बारीक ठिपके दिसले तर ती धूळ आहे, जुन्या झूममध्ये असतेच, फोटोत उतरत नाही, तिच्यासाठी लेन्स उघडायची नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे, मुळं फुटल्यासारखे धागे दिसले तर फंगस. सगळी काच एकसारखी दुधाळ दिसली तर हेझ. पुढच्या काचेच्या कडेला दोन धागे असतील तर साफ होतं, फोटोत फरकही कळत नाही. पण मागच्या काचेवर किंवा मधल्या गटात पसरलं असेल तर समोरून उजेड आला की फोटो धुरकट होतो, आणि तुम्ही तर रामकुंडावर सूर्य समोर घेऊन उभ्या राहणार. शिवाय फंगस काचेवरचं कोटिंग खातं, धागे पुसले गेले तरी कोटिंगवर ठसा राहिला तर तो कुणीही काढू शकत नाही. म्हणून माझं सरळ मत असं की केबल गेली तर दुरुस्त करा, काच गेली तर सोडा.

तुमच्या केसमध्ये फंगस कडेला थोडंच असेल तर मी दुरुस्तच करीन, आणि त्या सव्वीस हजारवाल्याचं ऐकणार नाही. का ते सांगतो. त्याच्याकडची लेन्ससुद्धा तुमच्या लेन्सएवढीच जुनी, तिच्यातही तीच केबल, तेवढीच वाकून वाकून थकलेली, ती आज चालतीये एवढंच, उद्या तुम्ही परत त्याच दुकानात. तुमच्या लेन्समध्ये मात्र केबल नवी पडणार. सेकंडहँड चांगली लेन्स जितक्याला मिळते त्याच्या निम्म्याच्या आत दुरुस्तीचा खर्च बसत असेल तर दुरुस्ती, हा मी लावतो तो हिशोब, आणि साडेनऊ त्यात आरामात बसतात. मिररलेसचं म्हणाल तर २०१८ ला कॅननने मिररलेससाठी आरएफ माउंट (लेन्स बसवायची कडी) आणलं तेव्हाच तुमच्यासारख्या जुन्या ईएफ लेन्ससाठी अॅडॅप्टरही काढलं, त्यात काच नसते त्यामुळे क्वालिटी पडत नाही, ऑटोफोकस, स्टॅबिलायझर सगळं चालतं. म्हणजे पुढच्या वर्षी बॉडी बदललीत तरी आज घातलेले पैसे बुडत नाहीत.

पण कुणाकडे दुरुस्त करता याला फार महत्त्व आहे आणि इथे मला स्वतःचं सांगायलाच हवं. माझ्या ७०-३०० लेन्समध्ये फंगस झालं होतं, एका कारागिराकडे दिली, काच आरशासारखी करून दिली, मी खुश. हिवाळ्यात नांदूरमध्यमेश्वरला गेलो, चापडगावच्या बाजूने चक्रवाकांचा मोठा थवा पाण्यावर आडवा बसलेला, मनासारखी फ्रेम. घरी येऊन बघतो तर उजवीकडचे पक्षी पीस न् पीस दिसतंय इतके शार्प आणि डावीकडचे मऊ, सगळ्या फ्रेममध्ये तेच. काच परत बसवताना किंचित तिरकी बसली होती. ती सकाळ परत मिळाली नाही, म्हणून सांगतो, लेन्स परत घेताना दुकानातच तपासा. भिंतीवर वर्तमानपत्राचं पान सपाट चिकटवा, कॅमेरा ट्रायपॉडवर बरोबर समोर, एफ ४, आणि झूम २४, ५० आणि १०५ वर ठेवून एकेक फोटो. चारही कोपरे झूम करून बघा. कोपरे मधल्यापेक्षा थोडे मऊ असणं नॉर्मल, पण एकच कोपरा किंवा एकच बाजू मऊ असेल तर परत करा, तिथल्या तिथे. देण्याआधीही हाच फोटो काढून ठेवा म्हणजे वाद होत नाही. विचारायचं असं की नुसती केबल जोडणार की अख्खं अॅपर्चर युनिट बदलणार (युनिट बदललेलं चांगलं), काढलेला जुना पार्ट परत देणार का, कामाची किती महिन्यांची गॅरंटी, आणि लेन्स उघडतच आहात तर फंगसची सफाई त्याच पैशात का. उत्तरं गोलमोल आली तर सकाळची पंचवटी एक्स्प्रेस पकडा, मुंबईत सीएसएमटीला उतरून बोरा बाजार चालत पाच-दहा मिनिटं, तिथेही दोन ठिकाणी विचारा आणि संध्याकाळच्या पंचवटीने परत या.

आणि दुरुस्त झाल्यावर लेन्स कापडी बॅगेत घालून कपाटात कोंडू नका. पावसाळ्यात आपण इगतपुरी, त्र्यंबकला धबधबे शूट करतो आणि ओली बॅग तशीच आत ठेवतो, फंगस तिथून सुरू होतं. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, सिलिका जेल आणि एक छोटा हायग्रोमीटर, आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांत ठेवायची. तांदळात ठेवू नका, त्याची पूड आत जाते.

प्रश्न : काकांनी त्यांची निकॉनची जुनी ५० एमएम १.८ डी दिली. माझ्या डी-३५०० कॅमेऱ्यावर लावली तर फोकस होत नाही आणि एफईई असं काहीतरी दिसतं. दुरुस्तीला किती येईल? (सिन्नर)

उत्तर : काहीच नाही, लेन्स चांगली आहे. या लेन्समध्ये फोकसची मोटर नसतेच, जुन्या पद्धतीप्रमाणे ती बॉडीत असायची आणि तुमच्या बॉडीत ती दिलेली नाही. त्यामुळे फोकस हाताने करा, व्ह्यूफाइंडरमध्ये खाली डावीकडे हिरवा ठिपका स्थिर झाला की फोकस बसला. एफईई येतं कारण लेन्सवरची अॅपर्चर रिंग फिरलीये, ती २२ वर नेऊन शेजारच्या छोट्या लॉकने बंद करा. ऑटोफोकस हवाच असेल तर पुढे कधीतरी एएफ-एस वाली (लेन्समध्येच मोटर असलेली) ५० घ्या, पण काकांची विकू नका, हाताने फोकस करायचा हात हिच्यावर छान बसेल.