कडकनाथसाठी मुलीची एफडी मोडावी का?

प्रश्न: वय 46, नाशिक जिल्ह्यात खासगी कारखान्यात नोकरी. गावी दीड एकर रान आणि रिकामा गोठा आहे, आई पंधरा-वीस गावरान कोंबड्या पाळते. एक कंपनी कडकनाथची (काळ्या रंगाची, काळ्या मांसाची कोंबडी) 500 पिल्ले देऊन वर्षभर 20 रुपये दराने अंडी परत घ्यायचा करार करते. एकूण खर्च 6 लाख. मुलीच्या इंजिनिअरिंगसाठीची 4 लाखांची एफडी मोडून आणि 2 लाख सोनेतारण करून पैसे उभे करायचा विचार आहे. कंपनीच्या हिशोबाने वर्षाला 25 लाखांची अंडी होतील. खाद्य 38 रुपये किलो पडते. करावे का?

उत्तर: या पद्धतीने नको. कडकनाथ पाळायला माझी हरकत नाही. हरकत आहे ती 25 लाखांच्या आकड्याला आणि त्यासाठी मोडल्या जाणाऱ्या एफडीला.

आधी आकडा कुठून आला ते पाहू. 500 कोंबड्या, प्रत्येकी 250 अंडी, गुणिले 20. यात दोन गफलती आहेत. एक म्हणजे तुम्ही कोंबड्या विकत घेत नाही आहात, पिल्ले घेत आहात, आणि त्यात निम्मे नर निघणार. दहा टक्के मर धरली तर हाती 450 पक्षी, म्हणजे 225 तलंगा (तरुण माद्या). दुसरी गफलत अंड्यांची. 250 ते 300 अंडी पिंजऱ्यातली लेयर, म्हणजे खास अंड्यांसाठी पैदास केलेली कोंबडी, देते. कडकनाथ मध्य प्रदेशातल्या झाबुआ, अलीराजपूर, धार भागातल्या भिल्ल-भिलाला वस्त्यांवर परसात वाढलेली जात आहे. अंड्यांसाठी तिची निवड कुणी केली नाही. ती वर्षाला 80 ते 100 अंडी देते. 90 धरा. 225 कोंबड्यांची झाली 20,250 अंडी, 20 रुपयांनी साधारण 4 लाख.

आता खाद्य. 225 कोंबड्या आणि 25 नर ठेवलेत, रोज 90 ग्रॅम खाल्लं, तर वर्षाला 8,200 किलो. तुम्ही लिहिलेल्या 38 रुपये किलो दराने 3 लाख 12 हजार. उरले नव्वद हजार. त्यातून वीज, लस, औषध, गडी, मर आणि सोनेतारणाचं व्याज. शिवाय हे सगळं पहिलं अंडं पडल्यानंतरचं. कडकनाथ अंड्यावर यायला सहा महिने लागतात. तोवर एक पक्षी साडेनऊ-दहा किलो खाद्य खातो, म्हणजे 450 पक्ष्यांवर दीड लाखाच्या वर रक्कम नुसती पोटात जाते. व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चालू.

मग लोक या धंद्यात कमावतात ते कशावर? बहुतेक करून पिल्लांवर. अंडी खाण्यासाठी विकण्यापेक्षा उबवून पिल्लू विकलं की पैसा सुटतो. इथेच मला सगळ्यात जास्त काळजी वाटते, कारण पिल्लं घेणारा तुमच्यासारखाच पुढचा नवा शेतकरी असतो. तो आहे तोवर भाव टिकतो. तो आटला की तीच अंडी, तेच नर आठवडी बाजारात येतात आणि खाणारा जो भाव देईल तोच खरा. 2019 मध्ये सांगली जिल्ह्यातून बाहेर आलेलं कडकनाथ प्रकरण आठवा: पैसे भरा, पिल्लं न्या, अंडी आम्ही घेऊ. अंडी उचलणं थांबलं आणि लोकांच्या गोठ्यात पक्षी उपाशी राहिले. तुमची कंपनी तशीच आहे असं मी म्हणत नाही. पण ती ही अंडी शेवटी कुणाला विकते, हे तिने कागदावर दाखवलंय का? दाखवत नसेल तर परतखरेदीच्या करारावर सही करू नका.

कंपनीच्या माणसाने 50 टक्के अनुदानाचंही सांगितलंय. राष्ट्रीय पशुधन अभियानात 25 लाखांपर्यंत भांडवली अनुदान आहे, पण ते किमान 1000 पक्ष्यांचा पैदास फार्म, हॅचरी (अंडी उबवण्याची जागा) आणि मदर युनिट (पिल्लं वाढवण्याची जागा) उभारणाऱ्याला. 500 पिल्लांत तुम्ही बसत नाही. आणि जीआयच्या (भौगोलिक मानांकनाच्या) नावाखाली जादा भाव मिळेल म्हणतात, तर 2018 चं ते मानांकन झाबुआच्या कडकनाथ मांसाचं आहे, नाशिकच्या पक्ष्याला ते लावता येणार नाही.

रोगाचा धोका वेगळाच. 2006 मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला, जानेवारी 2021 मध्ये खुद्द झाबुआतल्या कडकनाथ फार्मवर आला. सरकारने मारलेल्या पक्ष्यांची भरपाई मिळते, त्याआधी मेलेल्यांची नाही. ज्या पैशाची तारीख ठरलेली आहे (मुलीची फी), तो पैसा असल्या धंद्यात घालायचा नसतो. एफडीला हात लावू नका, सोनंही कपाटातच राहू द्या.

तरीही हौस आहे, जागा आहे, आणि तुमच्याकडे एक गोष्ट आहे जिची किंमत तुम्ही हिशोबात धरलीच नाही: आईच्या गावरान कोंबड्या. कडकनाथ खुडूक (अंडी उबवायला) बसायला फारशी राजी नसते, गावरान बसते. एकवीस दिवसांचं काम ती फुकट करते, पहिल्या वर्षी उबवणी यंत्र लागणारच नाही. तेव्हा 60 पिल्लं आणा, तीही झाबुआच्या कृषी विज्ञान केंद्रासारख्या खात्रीच्या ठिकाणाहून. नुसत्या काळ्या रंगावर जाऊ नका, काळेपणा संकरातही उतरतो. पिल्लं, खाद्य, मरेक्स-लासोटा-गंबोरो-देवीच्या लसी, गोठ्याची जाळी आणि भाताचं तूस धरून 45 हजारांत भागेल. हे पगारातून महिन्याला सात-आठ हजार काढून करा.

सात महिन्यांनी तुमच्याकडे पंचवीसेक नर असतील. तीन ठेवा, बाकीचे विका. कंपनीला नाही, खाणाऱ्याला. कोण घेतो, किलोला काय देतो, पुन्हा मागतो का, हे वहीत लिहा. नग संपायला दोन महिने लागले तर 500 पक्ष्यांचं काय झालं असतं ते कळेल. पटापट गेले आणि खाद्य वजा जाता पैसे उरले, तर दुसऱ्या वर्षी 150 वर जा. तेव्हा नर मात्र दुसरीकडून आणा. एकाच घाण्यातले भाऊ-बहीण लावत राहिलात तर अंडी फळायचं प्रमाण घसरतं, आणि पैदास विकणाऱ्याचं सगळं उत्पन्न त्या प्रमाणावरच असतं.

आणखी एक. कुक्कुटपालनाचं उत्पन्न आयकराच्या लेखी शेतीउत्पन्न नाही, ते धंद्याचं धरतात. पगाराबरोबर ते दाखवावं लागेल, म्हणून खाद्याच्या पावत्या पहिल्या पोत्यापासून जपा. बुकिंगचे पैसे अजून भरले नसतील तर भरू नका. भरले असतील तर परतीची लेखी मागणी याच आठवड्यात करा.