कॉलेजच्या मुलामुलींना आहारातलं कितपत कळतं?

तुमची मुलगी यंदा पुण्याला शिकायला येतेय, हॉस्टेलवर राहणार आहे, आणि या वयाच्या मुलांना खाण्यापिण्यातलं खरंच किती कळतं असं तुम्ही विचारलंय. मी पुण्यातल्या एका कॉलेजात आहारशास्त्र शिकवते, इतर शाखांच्या मुलांचेही तास घेते. रोज डोळ्यांसमोर जे येतं ते सांगते.

शब्द सगळे पाठ असतात. प्रोटीन, कार्ब्ज, कॅलरी, डिटॉक्स. अडतं ते स्वतःच्या ताटापाशी. पहिल्या तासाला मी सगळ्यांना काल दिवसभरात काय खाल्लं ते लिहायला सांगते. मागे एका मुलीचा कागद असा होता: सकाळी चहा-खारी. दुपारी मेसच्या डब्यातल्या दोन पोळ्या आणि लोणचं, भाजी आवडली नाही. पाचला वडापाव, चहा. रात्री मॅगी, पुन्हा चहा. तिचं हिमोग्लोबिन ८.६ निघालं. निदान १२ हवं. तिला पटेना. म्हणाली, "मॅडम, मी रोज बीट खाते की!"

बीट लाल, म्हणून त्यानं रक्त वाढतं, हा समज हुशार मुलींच्याही मनात घट्ट बसलाय. शंभर ग्रॅम बिटात एक मिलिग्रॅमसुद्धा लोह नसतं. तिच्या वयाच्या मुलीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लागतं. बाजरीच्या दोन भाकऱ्यांत सहा-सात मिळतं. त्यात जेवणाला लागून चहा घेतला, की अन्नातलं लोह अंगी लागण्यात अडथळा येतो, आणि लिंबू पिळलं तर उलट मदत होते. हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. माझ्या वर्गात बसलेल्या मुली त्यातल्याच, आणि आपल्याला धाप का लागते, अभ्यासात लक्ष का लागत नाही, याचा त्यांना पत्ता नसतो. याचा मला फार त्रास होतो.

मुलांचं वेगळं. जिम लावली की पावडरचा डबा येतो, घरून आलेल्या पैशातून. आणि तोच मुलगा मेसमधलं वरण ताटात तसंच टाकून उठतो. मी त्यांना फळ्यावर हिशोब करायला लावते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं सांगितलेलं प्रमाण किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या मुलाला साधारण ५० ग्रॅम प्रोटीन. पाच पोळ्यांचे १५, घट्ट वरणाच्या दोन वाट्यांचे १० ते १२, भाताचे ४-५, वाटीभर दह्याचे ४, दोन अंड्यांचे १२, मूठभर शेंगदाण्यांचे ७. झाले की पन्नास! ही बेरीज जमली की वर्ग एकदम शांत होतो. व्यायाम करणाऱ्याला थोडं जास्त लागतं, तेही वाढीव डाळ, दूध, अंड्यातून बहुतेकांचं भागतं.

सगळा दोष अज्ञानाचा नाही, हेही सांगायला हवं. मेसचं वरण इतकं पातळ असतं की दोन वाट्यांत एका वाटीचंच प्रोटीन येतं. आठच्या लेक्चरला पळताना नाश्ता सुटतो. महिनाअखेरीस पैसे संपलेले असतात. फळं खावीत हे माहीत असूनही दहा-वीस रुपयांत पोट भरतं ते वडापावनं. एवढ्यासाठीच मी खोलीवर भाजलेले शेंगदाणे, फुटाणे नि गूळ ठेवायला सांगते. शिजवायचं काही नाही, खराब होत नाही.

त्या मुलीला डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि तिनं जेवणानंतरचा चहा तासभर पुढे ढकलला. तीन महिन्यांनी १०.९ झालं होतं. अजून गोळ्या चालू आहेत.

तुमच्या मुलीचं हिमोग्लोबिन घर सोडण्याआधीच तपासून घ्या. शाकाहारी असेल तर बी-१२ सुद्धा. ते भाजी, डाळी, धान्यांत नसतं, दूध-दह्यातून मिळतं तेवढंच. आणि मेस ठरवताना एक दिवस तुम्ही स्वतः तिथे जेवा, वरण किती पातळ आहे ते कळेल.