ट्रेड बदलला, काम बदललं: सैनिक वाचकांचे प्रश्न

पोस्टिंग (ठिकाण किंवा युनिट बदलणं) वेगळी आणि ट्रेडबदल (सैन्यातल्या कामाचा प्रकारच बदलणं) वेगळा. दोन्ही एकच समजून जवान आणि त्यांच्या घरचे चुकीचं दार ठोठावतात, तोवर मुदत निघून जाते. म्हणून आलेल्या पत्रांपैकी काहींना इथेच उत्तर देतो.

मुलगा अग्निवीर आहे. त्याला अचानक दुसऱ्या युनिटला पाठवतायत. नकार देता येईल का?

नाही. कुठल्याही युनिटला पाठवता येईल, ही भरतीचीच अट आहे. घरी खरोखर गंभीर अडचण असेल तर कागदपत्रं जोडून त्याने कंपनी कमांडरमार्फत अर्ज करावा.

मी तोफखान्यात गनर. पाठीमुळे मेडिकल कॅटेगरी खाली आली आणि मला स्टोअरला बसवलं. आता ट्रेडच बदलणार म्हणतात. हेड क्लार्क एका कागदावर सही मागतायत. करू का?

वाचल्याशिवाय करू नका. हा कागद बहुधा ‘विलिंगनेस’चा, म्हणजे संमतीचा असतो. ‘मी स्वखुशीने ट्रेड बदलून मागतो’ अशी ओळ त्यात आहे का ते बघा. बदल तुम्ही मागितला की सेवेच्या गरजेसाठी झाला, यावर पुढे तुमची सिनियॉरिटी आणि प्रमोशन अवलंबून राहू शकतं. रिकाम्या जागा सोडलेल्या फॉर्मवर तर सही करूच नका. सही केलीत तर कागदाची प्रत मागून घ्या. आणि आधी एक गोष्ट विचारा: हे तात्पुरतं हलकं काम आहे की कायमचा ट्रेडबदल? कायमचा असेल तर पार्ट टू ऑर्डर, म्हणजे सेवानोंदीतल्या बदलाचा लेखी आदेश निघेल. तिची तारीख लिहून ठेवा.

मी एवढं का बजावतोय ते सांगतो. सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या (ट्रायब्युनल, म्हणजे सैनिकांच्या सेवाविषयक तक्रारी ऐकणारं न्यायपीठ) 2007 च्या कायद्यात ‘सेवाविषयक बाबीं’च्या व्याख्येतून बदल्या आणि पोस्टिंग, म्हणजे ठिकाण किंवा युनिट बदलणं, वगळलेलं आहे. सिनियॉरिटी, प्रमोशन आणि रिव्हर्शन (खालच्या हुद्द्यावर परत पाठवणं) मात्र त्याच व्याख्येत आहेत. ‘माझी बदली रद्द करा’ म्हणून गेलात तर दारातच अडाल. ट्रेड बदलल्याने सिनियॉरिटी गेली, हे कागदानिशी दाखवलंत तर ऐकून घेतलं जाऊ शकतं. पण तुमच्याच सहीने तुम्ही ‘स्वखुशी’ लिहून दिली असेल तर वकील तरी काय करणार? सहीआधी सीओ (कमांडिंग ऑफिसर) साहेबांचा इंटरव्ह्यू, म्हणजे भेटीची वेळ मागा आणि सेवाविषयक खटले चालवणाऱ्या वकिलाला तो मसुदा दाखवा.

तोवर दिलेलं काम करत राहा. रागाने घरी येऊन बसलात तर आर्मी अॅक्टच्या कलम 39 खाली रजेविना गैरहजेरी लागेल आणि मूळ तक्रार बाजूला पडेल.

एक जण म्हणतो, रेकॉर्ड ऑफिसात (जवानांच्या सेवानोंदी ठेवणारं कार्यालय) ओळख आहे, पैसे द्या, ऑर्डर रद्द करून देतो.

एक रुपयाही देऊ नका. अशा लोकांचा मला मनस्वी संताप येतो, कारण ते नेमके अडलेल्या घरांना गाठतात. पुढाऱ्याची चिठ्ठीही नको. बाहेरून दबाव आणणं हाच शिस्तभंग ठरतो, आणि तो जवानाला भोगावा लागतो.

ट्रेड बदलल्यावर पगार कमी होतो का?

मिलिटरी सर्व्हिस पे (सैनिकी सेवेसाठी पगारात मिळणारी वेगळी रक्कम) तोच राहतो, जवानापासून जेसीओपर्यंत (ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर) महिन्याला 5200 रुपये. एक्स गटातून (तांत्रिक पात्रतेचे ट्रेड) वाय गटात (इतर ट्रेड) गेलात तर एक्स पे, म्हणजे एक्स गटाचा जादा पगार, जाऊ शकतो. नव्या ट्रेडचा गट कोणता, हे रेकॉर्ड ऑफिसकडून लेखी घ्या. बराकीतल्या ऐकीव आकड्यांवर विसंबू नका.

ट्रेड बदलून दोन वर्षं झाली. साहेब ‘बघू’ म्हणत राहिले. आता ट्रायब्युनलला जाता येईल?

तोंडी ‘बघू’ला कायद्यात काहीही किंमत नाही. जवान आणि जेसीओंनी आर्मी अॅक्टच्या कलम 26 खाली आणि अधिकाऱ्यांनी कलम 27 खाली लेखी तक्रार करायची असते. एरवी आधी हा मार्ग वापरल्याशिवाय न्यायाधिकरण अर्ज घेत नाही. तक्रारीवर सहा महिने उत्तर आलं नाही, तर मार्ग संपला असं धरतात आणि तिथून पुढचे सहा महिने अर्जाची मुदत असते. उत्तर आलं असेल तर अंतिम आदेशापासून सहा महिने. मुदत उलटली असली तरी उशिराचं सबळ कारण पटलं तर अर्ज दाखल करून घेता येतो, पण ते पटवायची जबाबदारी तुमची. तुम्ही लेखी काही दिलं होतं का, हे पत्रात लिहिलेलं नाही. दिलं असेल तर पोच आणि पार्ट टू ऑर्डरची प्रत घेऊन याच आठवड्यात वकील गाठा. दिलं नसेल तरी गाठा, आणि तक्रारीचा मसुदा त्यांच्याकडूनच करून घ्या.