लडाखला व्हॅन नेण्याआधी

भाऊ, पहिलीच कॅम्परव्हॅन (आत झोपता-राहता येईल अशी गाडी) आणि नागपूरहून थेट लडाख? नक्की जा! सोलर, इन्व्हर्टरचं विचारलंत, ते सध्या राहू द्या, आधी उंचीचं बघा. नागपूर जेमतेम ३१० मीटरवर, लेह सुमारे ३,५००. नवखे लोक मनालीमार्गे चढतात आणि वाटेतल्या सरचूला, ४,२०० मीटरच्याही वर, मुक्काम ठोकतात. मग विरळ हवेमुळे रात्रभर डोकं ठणकतं, उलट्या होतात. तुम्ही श्रीनगरवरून जा, तिकडून उंची हळूहळू वाढते, आणि आपला नागपूरचा महामार्ग ४४ तिथवर नेतोच. कारगिलला थांबा, मग लेह. तिथे पहिले दोन दिवस निव्वळ आराम, तोही व्हॅनमध्ये नको, एखादी खोली किंवा केबिन घ्या. त्रास वाढला तर खाली उतरायचं, हट्ट नाही.

दुसरं जिवावरचं आहे: ऊब यावी म्हणून बंद व्हॅनमध्ये शेगडी पेटवू नका. तिच्यातून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. जाड रजया घ्या.

बाकी थोडक्यात:
- प्रेशर कुकर हवाच. तिथे पाणी ९० अंशांच्या आतच उकळतं, उघड्या भांड्यात वरण शिजता शिजत नाही.
- कोरड्या नाल्यात गाडी लावू नका, पाणी अचानक येतं.
- निघण्याआधी चिखलदऱ्याला दोन रात्री व्हॅनमध्येच झोपून बघा. काय राहिलं ते तिथेच कळेल, आणि घरही जवळ असेल.