नऊ हजारांचा जुना क्वेस्ट

वाचकांचे प्रश्न, चष्मेवाल्या काकांची उत्तरं

प्रश्न : काका, सादर नमस्कार. आमच्याकडे व्हीआर हेडसेट, म्हणजे डोळ्यांवर चढवून आभासी दृश्य बघायचं यंत्र, घ्यायचं घाटतंय. नव्याचं बजेट नाही. जेल रोडवर एका दुकानात जुने तीन पीस दाखवले. पहिला क्वेस्ट ९ हजारांना, क्वेस्ट २ हा १६ हजारांना आणि कॉम्प्युटरला लावायचा एक विंडोजवाला ६ हजारांना. मुलगा १४ वर्षांचा, चष्मा आहे, त्याला खेळायचंय. मुलगी ८ वर्षांची, तीही मागे लागणारच. पण खरं सांगू का, मला तो सासऱ्यांसाठी हवाय. नाना ७६ वर्षांचे. गुडघ्यांमुळे दोन वर्षांत महेश्वरला जाणं झालं नाही. त्यांना घाटावर बसल्यासारखं वाटेल का? जुन्या वस्तूत पैसे घालावेत का?
(एक वाचक, सुदामानगर, इंदूर)

उत्तर : ताई, घालावेत. पण तिघांपैकी फक्त क्वेस्ट २ वर, आणि तोसुद्धा माझ्या सांगण्याप्रमाणे तपासल्यावर.

आधी ६ हजारांचा निकालात काढू. त्या हेडसेटचा पडदा आजही चांगला असेल, काही कंपन्यांचे तर फारच सुरेख होते. पण ते सगळे मायक्रोसॉफ्टच्या विंडोज मिक्स्ड रिॲलिटी या व्हीआर प्रणालीवर चालायचे. ती बंद करत असल्याचं मायक्रोसॉफ्टने डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केलं आणि २०२४ च्या विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीतून काढूनच टाकली. तुमच्या कॉम्प्युटरवर ती आवृत्ती आली असेल, तर हेडसेट लावून सरळपणे काहीच सुरू होणार नाही. दुकानदार जुन्या विंडोजवर लावून दाखवेल, तेव्हा सगळं छान दिसेल. नको घेऊ.

पहिल्या क्वेस्टबद्दल 'नको' म्हणताना मात्र मला वाईट वाटतं. तो मे २०१९ चा. त्याचा पडदा ओलेड, म्हणजे काळा रंग खरोखरच काळा. रात्रीचं आकाश त्यात जसं दिसतं तसं नंतरच्या क्वेस्ट २ मध्ये दिसत नाही, कारण क्वेस्ट २ चा पडदा एलसीडी आहे आणि त्यात काळोखही करडा दिसतो. शिवाय पहिल्या क्वेस्टला दोन भिंगांमधलं अंतर बदलायची सरकपट्टी आहे. सलग सरकते, हवी तिथे थांबवता येते. आमच्या धंद्यातल्या माणसाला ही सोय फार मोलाची वाटते. पण आतली चिप स्नॅपड्रॅगन ८३५, म्हणजे २०१७ च्या फोनांमधली. जानेवारी २०२३ मध्ये क्वेस्ट बनवणाऱ्या मेटा कंपनीने सांगून टाकलं की यात नव्या सुविधा येणार नाहीत, सुरक्षेच्या दुरुस्त्या २०२४ पर्यंतच मिळतील. नवी ॲप्सही त्याच्यासाठी येणं थांबलं. मुलगा आठ दिवसांत म्हणेल की मित्राचा खेळ यात येतच नाही. ते ९ हजार वाचवून पुढचे ७ त्यात घाला.

क्वेस्ट २ ऑक्टोबर २०२० चा. एका डोळ्याला १८३२ बाय १९२० ठिपके (पिक्सेल), ६ जीबी रॅम. त्याचं उत्पादन थांबलंय आणि काही नवे मोठे खेळ क्वेस्ट ३ आणि ३एस वरच येतात, हे मुलाला आजच सांगून ठेवा. पण एक गोष्ट दुकानदार सांगणार नाही : २०२४ मध्ये नवीन म्हणून आलेल्या ३एस मध्ये पडद्याचे ठिपके तेवढेच आहेत आणि भिंगंही त्याच जातीची, फ्रेनेल, म्हणजे गोल गोल कड्यांची. चिप मात्र बरीच दमदार. म्हणजे नुसतं 'बघण्यासाठी' घेणाऱ्याचं जुन्यात फारसं नुकसान नाही. नानांसाठी घेताय ना, मग हिशेब जमतो.

आता तपासणी. यावर मी थोडा जास्त बोलणार आहे, कारण २०२२ मध्ये मी स्वतः यात फसलो. इंदुरातच एका विक्रेत्याकडून जुना हेडसेट घेतला. बाहेरून लखलखीत. "अंकल, एकदम चकाचक पीस है," असं तो म्हणाला आणि मी मान डोलावली. घरी येऊन लावला तर डाव्या डोळ्यासमोर पिवळट डाग, शेंगदाण्याएवढा, जिकडे मान वळवाल तिकडे बरोबर येणारा. वाटलं भिंगावर डाग आहे. दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात लूप, म्हणजे डोळ्याला लावायचं छोटं भिंग, लावून पाहिलं. भिंग स्वच्छ होतं, त्यावरची गोल गोल कड्यांची नक्षीही धडधाकट. डाग भिंगाच्या मागे, पडद्यावर होता. आधीच्या मालकाने हेडसेट खिडकीत किंवा गॅलरीत भिंगं वर करून ठेवला असणार. लहानपणी आपण भिंगाने कागद जाळायचो ना, तेच झालं होतं. उन्हाचा ठिपका पडद्यावर पडला आणि तिथला भाग जळाला. माळव्यातलं एप्रिलचं ऊन असेल तर काही मिनिटं पुरतात. विक्रेत्याने पीस परत घेतला नाही आणि हे दुरुस्तही होत नाही. ती रक्कम गेली.

म्हणून दुकानातच एखादं पांढरंशुभ्र पान उघडायला लावा आणि एक डोळा मिटून बघा, मग दुसरा. डाग, पिवळी रेघ, मेलेला ठिपका, जे असेल ते पांढऱ्यावर लगेच दिसतं. मग भिंग तिरकं धरून ओरखडे बघा. ही भिंगं प्लास्टिकची असतात, चष्म्याच्या काचेहून मऊ. चष्मा लावणाऱ्या आधीच्या मालकाने मध्ये स्पेसर, म्हणजे चष्म्यासाठी जागा करणारी कडी, घातला नसेल, तर फ्रेमने बरोबर मधोमध रेघा पडलेल्या असतात. तुमच्या मुलालाही चष्मा आहे, तेव्हा तो स्पेसर मागून घ्या. क्वेस्ट २ च्या डब्यात तो मुळातच यायचा.

पैसे देण्याआधी दुकानदाराला पूर्ण रीसेट मारायला सांगा आणि तुमच्या फोनवरून, तुमच्या मेटा खात्याने, तिथेच लॉगिन करा. जुन्या मालकाचं खातं अडकलेलं असेल तर ते तिथेच कळेल. "यात पंधरा गेम फ्री आहेत" असं कोणी म्हणालं तर त्यासाठी जादा पैसे देऊ नका. खेळ खात्यावर असतात, रीसेटनंतर ते जातात. दोन्ही कंट्रोलरच्या सेलची झाकणं उघडा. आत एकेक साधा पेन्सिल सेल असतो, आणि कंट्रोलर महिनोन्महिने पडून राहिला असेल तर सेल पाझरून पत्ती हिरवी-पांढरी झालेली दिसते. अंगठ्याची काडी न हलवता दृश्य आपोआप सरकत असेल, तर ती काडी झिजलीय. बॅटरी ३६४० एमएएचची, नवी असताना दोन-अडीच तास चालायची. दुकानात अर्धा तास चालवून किती टक्के उतरली ते बघा. आणि फोम. चेहऱ्याला लागणारा सुरुवातीचा फोम काहींच्या त्वचेला त्रास द्यायचा, म्हणून कंपनीने २०२१ मध्ये तो परत मागवला आणि सिलिकॉनचं आवरण दिलं. दुसऱ्याच्या घामाचा फोम तसाही नको. आवरण नवं घ्या.

आता डोळे. दोन बाहुल्यांच्या मध्यांमधलं अंतर, आम्ही त्याला पीडी म्हणतो, ते चष्म्याच्या कागदावर बहुतेक लिहिलेलं असतं. क्वेस्ट २ मध्ये भिंगं हाताने सरकवून तीनच जागी बसतात : ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर. ६१ पर्यंतच्यांनी पहिली जागा, ६६ पर्यंत मधली, पुढच्यांनी तिसरी. चुकीच्या जागेवर चित्र धूसर दिसतं, कपाळ दुखतं आणि माणूस म्हणतो, "मला व्हीआर सोसत नाही." मी अशा तिघांची भिंगं नुसती सरकवून दिली आणि तिघेही आनंदाने बघत बसले.

मुलीला मात्र देऊ नका. कंपनीचीच अट आहे : १० वर्षांखाली नाही, आणि १० ते १२ ला पालकांनी सांभाळलेलं खातं लागतं. मला त्याहून मोठं कारण दिसतं. ८ वर्षांच्या मुलीचा पीडी बहुधा ५५ च्या आत असतो आणि हे भिंग ५८ च्या खाली येतच नाही. तिचे डोळे प्रत्येक क्षणी त्या फरकाशी झगडत राहतील. शिवाय यात सगळं चित्र एकाच ठरावीक अंतरावर फोकस होतं, वस्तू नाकाशी आली तरी. डोळे आत वळतात, फोकस मात्र तिथेच. मोठ्यांनाही याने थकवा येतो. मुलाला अर्ध्या तासानंतर उतरवून गच्चीवर पाठवा, दूरचं बघू द्या.

आणि नाना. त्यांच्या वयात डोळ्याचं भिंग तसंही जवळ-दूर जुळवून घेत नाही, त्यामुळे या फोकसच्या ओढाताणीचा त्यांना मुलांपेक्षा कमीच त्रास होईल. वाचायचा चष्मा नको. दूरचा लावून आणि न लावता, दोन्ही प्रकारे बघू द्या, जे स्पष्ट ते बरोबर. हातांच्या खुर्चीत बसवा, पहिल्या दिवशी पाच मिनिटं पुरे. कॅमेरा चालतोय असा व्हिडिओ लावू नका, नावेतला तर मुळीच नको, पोटात ढवळतं.

चित्राबद्दल मात्र आधी सांगून ठेवतो. यूट्यूबवरचा ३६० अंशांचा फोरके व्हिडिओ ऐकायला भारी वाटतो, पण ते ३८४० ठिपके चारी दिशांना वाटले जातात. नानांच्या नजरेत एका वेळी चौथा हिस्सा, म्हणजे हजाराच्या आत. जुन्या टीव्हीसारखं दिसतं. एटके मिळाला तर तोच लावा. त्याहून चांगलं सुचवू? पुढच्या वेळी घरातलं कोणी महेश्वरला जाईल तेव्हा ३६० चा कॅमेरा भाड्याने न्या. अहिल्याघाटावर, नाना बसायचे त्याच पायरीवर, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर ट्रायपॉड लावा आणि दहा मिनिटं बाजूला व्हा. कोणी काही बोलायचं नाही. घंटा, कपडे धुण्याचा आवाज, नावाड्यांच्या हाका, सगळं येऊ द्या. त्यात त्यांना त्यांची पायरी ओळखू येईल, आणि आमच्या शहरातल्या कुठल्याही दुकानात असा व्हिडिओ विकत मिळत नाही.

घेण्याआधी मुलाला आणि नानांना रामबागेत माझ्याकडे घेऊन या, दोघांचा पीडी मोजून देतो, त्याचे पैसे नाहीत. हेडसेट घेतलात तर तोही आणा. फक्त येण्याआधी फोन करा : दुकानभर आरसे आहेत आणि आरशांसमोर हेडसेटचे कॅमेरे गोंधळतात. मी चादरी टाकून ठेवेन.

प्रश्न : मी ग्वाल्हेरला इंजिनिअरिंग करतो. बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्डाचा पीसी आहे. २०१६ चा एचटीसी व्हाइव्ह स्वस्तात मिळतोय. दहा वर्षांपूर्वीची वस्तू वेडेपणा ठरेल का?
(एक विद्यार्थी, लष्कर, ग्वाल्हेर)

उत्तर : नाही, बेटा. व्हाइव्ह पीसीवरच्या स्टीमव्हीआर या सॉफ्टवेअरवर अजून चालतो. एका डोळ्याला १०८० बाय १२०० ठिपके, म्हणजे अक्षरं वाचायला जड जाईल आणि ठिपक्यांची जाळी दिसेल. पण पडदा ओलेड, ९० हर्ट्झ, पीडीला चाक आहे, आणि हातांचा माग इतका अचूक लागतो की अजून समाधान वाटतं. खोलीच्या दोन कोपऱ्यांत लावायच्या दोन पेट्या असतात, त्यांच्या आत फिरणाऱ्या मोटरी. चालू करून कान लाव. बारीक, एकसारखा आवाज हवा. खरखर आली, लाल दिवा लागला, तर घेऊ नकोस. मग हेडसेटची केबल दोन्ही टोकांशी हळू हलवून बघ, चित्र एकदाही तुटायला नको. केबल सहज मिळत नाही.